रहाट थांबला की

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठा झालोय. तरी तुला लिहायला बसायच्या आधी उठून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहून आलो. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, तरीसुद्धा. तू हे पाहिलं असतंस तर आधी हसली असतीस, आणि मग कडी कशाला बघितली हे लक्षात येऊन गप्प झाली असतीस. मला लाज वाटतेय. लाज कालच्या एका गोष्टीची आहे, पण ती सांगायची तर आपल्या वसईच्या घरातल्या चुलीपासून सुरुवात करावी लागेल.

दुपारची जेवणं झाली आहेत. बाबा वाडीत केळींना आणि पानवेलींना पाणी देतायत. बैल विहिरीभोवती फिरतोय आणि रहाटाची करकर भिंतीपलीकडून ऐकू येतेय. तू चुलीशेजारी पाटावर, पाठ भिंतीला, मांडीवर शाळेतल्या बाईंकडून आणलेली कादंबरी. मी तुझ्यासमोर फतकल मारून बसलोय आणि माझ्या हातात क्रोशाची सुई आहे. चर्चच्या सणासाठी वेदीच्या कापडाला लेस करून देण्याचं तू कबूल करून बसली होतीस, आणि त्याच आठवड्यात नेमकं ते पुस्तक हाती लागलं. तुझा जीव पुस्तकात. खांबाचे दोन टाके घालायचीस आणि पानाकडे बघायचीस, की हातातली साखळी उसवायची. मी गोवर येऊन घरात पडून होतो. तुझे हात बघून बघून टाके मला येऊ लागले होते. मीच म्हणालो, “दे इकडे, तू वाच.” हे नीट लक्षात ठेव, आई. मी म्हणालो होतो.

मग ते रोजचंच झालं. गोवर गेला, शाळा सुरू झाली, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी आपण दोघं तसेच बसायचो. करंगळीला दोरा गुंडाळला की माझं डोकं शांत व्हायचं. एका साध्या दोऱ्यातून द्राक्षाचा घोस हळूहळू खाली उतरतोय, आणि तो आपल्या बोटांनी उतरवलाय, याचा मला जो आनंद व्हायचा तो पुढे नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नाही. आणि वर तुझा आवाज. गोष्टीतली मुलगी समुद्रापार गेलेल्या भावाला शोधायला एकटी निघालेली. तू तिचा आवाज बारीक काढायचीस, जहाजावरच्या खलाशाचा घोगरा. वादळ आलं की माझी सुई थांबायची. तू पुस्तकावरून बघायचीस आणि म्हणायचीस, “हात चालू दे. नायतर पुढचं सांगनार नाय.”

आपला पहारेकरी रहाट होता. करकर थांबली की बाबांनी बैल थांबवला, म्हणजे ते पाणी प्यायला आत येणार. तू नुसती मान हलवायचीस. पुस्तक माझ्या मांडीवर, लेस तुझ्या मांडीवर. बाबा दारात येईपर्यंत पोरगा अभ्यासात बुडालेला आणि बायको देवाच्या कामात. बाबा पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता म्हणायचे, “वाच, वाच. आपल्यात कोन शिकला नाय.” आणि मग बाहेर जाऊन माझ्या वाचनाच्या वेडाचं कौतुक साऱ्या आळीला सांगायचे. मी तेव्हा त्या पुस्तकाचं एक पानही धड वाचलेलं नव्हतं.

तो दिवस तुला सांगायला नको, पण मला सांगायला हवा. बाबांच्या पायाला पहारीचा घाव बसला आणि त्यांनी बैल काकांच्या हवाली केला. रहाट चालूच राहिला. ती मुलगी नुकतीच धक्क्यावर उतरली होती आणि भावाचं घर कुठे म्हणून हमालाला विचारत होती. मी वर बघितलं तर बाबा दारात, अंगठ्यातून रक्त गळतंय, आणि ते माझ्या हातांकडे बघतायत. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले, “पोराची पोरगी करतेस काय?” त्या हळू आवाजाने मला कळलं की मी काहीतरी झाकून ठेवण्यासारखं झालोय. माझे कान पेटले. आणि तू पटकन म्हणालीस, “मीच बसवला त्याला. माझंच खूळ. तो नको नको म्हनत होता.”

मी कधी नको म्हणालो होतो, आई? मला तोंड होतं. मी जमिनीकडे बघत राहिलो. तू जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बाबांचा अंगठा बांधलास आणि संध्याकाळी पुस्तक बाईंना परत करून आलीस. ती मुलगी धक्क्यावरच उभी राहिली.

बाबा वाईट नव्हते. त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही, काकांनाही सांगितली नाही. उलट त्यानंतर ते विहिरीवरून येताना अंगणातच मोठ्याने खाकरायला लागले. बिडीचा खोकला असेल असं मी समजत होतो. ते आपल्याला वेळ देत होते, हे मला मी स्वतः बाप झाल्यावर कळलं. पण तोवर दडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेस तू एकटीने पुरी केलीस. सणाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बायका म्हणत होत्या, काय बारीक हात आहे हिचा. मी पुढच्या बाकावर बसून वेदीकडे बघत होतो. माझे घोस घट्ट होते, तुझे सैल. एका घोसाच्या मध्येच हात बदललेला मला स्पष्ट दिसत होता आणि फादरांचा एक शब्द माझ्या कानात गेला नाही. पुढे एकदा मी म्हणालो होतो, वाच ना काहीतरी. तू म्हणालीस, डोळे दुखतात. तुझे डोळे चांगले होते, तांदळातला बारीकसा खडा तुला दिसायचा. मग रहाट मोडीत गेला आणि विहिरीवर तेलाचं इंजिन आलं. मी नोकरीसाठी मुंबईला निघालो तेव्हा ट्रंकेत, सदऱ्यांच्या घडीत, तुझ्या रुमालात गुंडाळलेली सुई सापडली. खोलीवरच्या मित्रांना दिसू नये म्हणून मी ती गादीत खुपसून ठेवली होती.

तीच सुई मी अजून वापरतो. कडी लावून. दाराची घंटा वाजली की लेस उशीखाली आणि मांडीवर पुस्तक. सगळे मला मोठा वाचणारा समजतात, वाढदिवसाला पुस्तकं आणतात. काल तुझी पणती, माझी नात, आली. उशीखालून दोरा बाहेर लोंबत होता. तिने तो ओढला आणि अख्खी लेस तिच्या हातात आली. ती हरखूनच गेली. “आजोबा, हे कोणी केलं?” मी म्हणालो, “तुझ्या आजीचं आहे. अर्धंच राहिलं.” तुझ्या सुनेने जन्मात क्रोशाची सुई हातात धरली नव्हती, आणि आता ते नाकारायलाही ती हयात नाही. बाबांसमोर तू सगळं आपणहून अंगावर घेतलंस. काल मी ते तुझ्या सुनेवर ढकललं. पोरीचे डोळे भरून आले. आजीची आठवण म्हणून ती लेस घेऊन गेली.

सुई मी दिली नाही. ती आत्ता माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. रात्री बऱ्याचदा वाटलं की पोरीला फोन करावा आणि सांगावं, की हात माझा आहे. केला नाही. आणि हे पत्र लिहून झालंय, पण मी ते परत वाचून बघितलेलं नाही, आई. वाचायचं काम तुझं होतं.