पाहुण्यांसाठी चौसष्ट गाणी

गुलबर्गा,
दि. १९ नोव्हेंबर २००७

आदरणीय अनिलकुमार दाजी यांना रविकुमारचा खाली वाकून नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण तेवढी जागा आमच्या पुढच्या खोलीत आता न्हाई, मधोमध कॉम्प्युटरचं टेबल आहे. तुमची तब्येत, श्रीदेवी अक्काचा गुडघा, यंदाची तूर आणि नवी म्हैस, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडं मी, अंबिका आणि पोरगी बरे आहोत. अप्पांची तब्येत मात्र तुम्हीच कळवायची, कारण तीन आठवडे झाले, ते करजगीला तुमच्याकडं आहेत. फोनवर विचारलं असतं. चार वेळा केलाही. चारही वेळा फोन अप्पांनीच उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

तिकडं अप्पांनी काय सांगितलं ते मला ठाऊक न्हाई. बहुतेक काहीच सांगितलं नसेल. (जन्मभर मेंढरांशी बोललेला माणूस. मेंढरं विकून माझ्याकडं राहायला आल्यापासून तीन वर्षांत माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं ते एका आजारी कोकराशी एका दुपारी बोलायचे.) पण अक्का मनात काहीतरी धरून बसली असणार, ती माझी बहीण आहे, मी तिला ओळखतो. म्हणून झालं ते सरळ लिहितो, आणि तुम्हीच सांगा दाजी, यात माझं काय चुकलं.

पोरीचा पहिला वाढदिवस अठ्ठावीस ऑक्टोबरच्या रविवारी होता. हल्ली वाढदिवसाला गाणी लावावी लागतात, आणि पाहुण्यांना आपापली गाणी निवडू द्यावी लागतात, न्हाईतर लोक म्हणतात घरात कॉम्प्युटर असून काय उपयोग. पण पाहुण्यांच्या हातात कॉम्प्युटर देणं म्हणजे काय ते मी आमच्या ऑफिसातल्या गुरुराजच्या घरी पाहिलं होतं. त्याच्या वास्तुशांतीला पाहुण्यांनी गाणी शोधता शोधता त्याचा बदलीचा अर्ज शोधून काढला, आणि त्यात साहेबांविषयी जे लिहिलं होतं ते साहेबांच्या मेहुण्यासमोर मोठ्यानं वाचलं. बदली झाली गुरुराजची. अर्जात मागितली होती त्या गावी मात्र न्हाई.

म्हणून मी आधीच श्रीहर्षला बोलावलं. तोही आमच्याच ऑफिसातला, कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं. त्यानं कॉम्प्युटरला दोन दारं करून दिली. एकाचं नाव ‘घर’, त्याला पासवर्ड. दुसऱ्याचं नाव ‘पाहुणे’, ते कुणालाही उघडं, पण आत फक्त गाणी. ती मी स्वतः निवडली, कानडी, मराठी आणि हिंदी मिळून चौसष्ट. नंबर घालून यादी छापली आणि भिंतीला डकवली. कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. कुणी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणू नये म्हणून मागच्या पुढच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावली. बाहेर ठेवला तो एकटा माऊस. श्रीहर्ष म्हणाला, आता कोणी काही बिघडवू शकत न्हाई. (हे त्याचं वाक्य मी लक्षात ठेवलंय.)

पाहुणे आले, आणि मी उभा राहून सगळ्यांना नियम समजावले. माऊस हळू धरायचा, एकदाच दाबायचं, दुसऱ्याचं गाणं मध्येच तोडायचं न्हाई. नियम ऐकून अर्धा तास टेबलाजवळ कोणी फिरकलंच न्हाई. शेवटी आपली नागव्वा आत्या उठली. तिनं विचारलं, “करंट लागायचा न्हाई नव्हं?” मी म्हणालो न्हाई. तिनं पदर हाताला गुंडाळला, माऊस दाबला आणि मागं उडी मारली. एक नंबरचं गाणं लागलं. ते पाहून सगळ्यांना धीर आला, आणि ज्यानं त्यानं जाऊन तेच एक नंबरचं दाबलं, कारण त्यानं काही होत न्हाई हे सिद्ध झालं होतं. नऊ वेळा लागलं दाजी. बाकी त्रेसष्ट गाणी निवडायला मी दोन रविवार घातले होते.

अप्पा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून टेबलाशेजारीच बसले होते. त्यांनी मला खूण करून बोलावलं. “रवी, आमचं कितवं हाय?”

आमचं म्हणजे कुठलं ते तुम्हाला सांगायला नको. चौऱ्याण्णव साली बिरोबाच्या जत्रेत अप्पांनी म्हटलेली ओवी, ढोलावर जगदेवप्पा काका. तुमच्याच टेपरेकॉर्डरवर तुम्हीच भरली होती. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला श्रीहर्षनं ती कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये घालून दिली, आणि मी ऑफिसातून आलो की अप्पांना ती रोज ऐकायची असायची. पण पाहुण्यांच्या यादीत मी ती घातली नव्हती. कामून घातली न्हाई, तर आमचे बसवंतप्पा साहेब येणार होते. वरच्या जागेसाठी माझं नाव त्यांच्या टेबलावर होतं. अशा वेळी घरात धनगरी ढोल वाजायला लागला तर बरं दिसतं का, तुम्हीच सांगा.

मी अप्पांना म्हणालो, ती आतल्या बाजूला आहे, आता उघडता येत न्हाई, उघडलं की व्हायरस येतो.

“त्ये काय असतंय?”

“रोग असतोय, अप्पा. एकातून दुसऱ्यात जातोय.”

रोग म्हटल्यावर ते लगेच समजले. म्हणाले, “मग ऱ्हाऊ दे, उघडू नगंस. घरात पोरगी बारकी हाय.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं दाजी. मग साहेब आले. भिंतीवरची यादी वरून खाली वाचली आणि म्हणाले, एवढीच? त्यांना एक जुनं हिंदी गाणं हवं होतं, ते चौसष्टात नव्हतं. आता साहेबांना न्हाई कसं म्हणायचं? मी कपाटातून कीबोर्ड काढला, जोडला, पासवर्ड मारला, ‘घर’ उघडलं आणि साहेबांना खुर्ची दिली. पाऊण तास साहेब माझ्या कॉम्प्युटरमध्ये फिरत होते. नियम त्यांना कोणी सांगितले न्हाईत, त्यामुळं ते मनात येईल ते दाबायचे आणि मध्येच तोडायचे. असंच फिरताना त्यांनी अप्पांची ओवी दाबली. ढोल घुमला, पाठोपाठ अप्पांचा आवाज. नागव्वा आत्या आतून जेवण वाढता वाढता बाहेर आली.

साहेब हसले. “हे कोण हो रविकुमार?”

मी म्हणालो, “कुणीतरी गावाकडचा आहे, साहेब. दुकानातून गाणी भरून आणली, त्यात आलंय.” आणि पुढं होऊन ते बंद केलं.

अप्पा तिथंच होते. दोन हातांवर.

साहेब केक खाऊन गेले. पाहुणे पांगले. अप्पांनी ताटाला हात लावला नव्हता. मी जेवायला बोलवायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, रागानं न्हाई, एखाद्या गावाची वाट विचारावी तसं, “त्यो साहेब घरातला व्हय रं? आन् मी पाहुण्यातला?”

मी त्यांना दोन दारांचं समजावत होतो. पासवर्ड कामून असतो, तेही समजावलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “पाहुण्यानं किती दिस ऱ्हावं?” आणि सकाळी घोंगडं खांद्यावर टाकून अफजलपूरच्या गाडीनं तुमच्याकडं निघून आले. अंबिकानं बांधून दिलेली भाकरी तेवढी घेतली. माझ्या हातातली पिशवी घेतली न्हाई.

आता सांगा. मी जे केलं ते घरासाठीच केलं ना? साहेबांपुढं वाकलो ते काय हौसेनं? (त्या जागेवर परवा दुसऱ्याचीच ऑर्डर निघाली. साहेब ऑफिसात म्हणतात, रविकुमारच्या घरी गाणी मोजून वाढतात.) नागव्वा आत्या मला रस्त्यात पाहून पलीकडच्या बाजूनं जाते. अंबिका विचारलं तेवढंच बोलते. सगळ्यांना सुरक्षित ठेवायला गेलो, आणि घरात कॉम्प्युटरशिवाय माझ्याशी बोलायला कोणी उरलं न्हाई. त्याला तरी बोलता कुठं येतंय.

अक्काला नमस्कार. म्हशीची काळजी घ्या.

तुमचा,
रविकुमार

ता. क. १ : अप्पांना परत पाठवा म्हणून हे पत्र लिहिलेलं न्हाई. त्यांची खुशी. थंडी पडायलीय, त्यांचं जाड धोतर एवढ्यात पाठवतो.

ता. क. २ : एक लिहायचं राहिलं. अप्पा गेले त्याच दिवशी मी त्यांची ओवी ‘घर’मधून काढून ‘पाहुणे’मध्ये ठेवली. परत आले की त्यांना माझ्या पासवर्डची गरज पडू नये, स्वतःच्या हातानं लावता यावी, एवढ्यासाठी. जागा वाचावी म्हणून इकडची काढून तिकडं टाकली, दोन्हीकडं ठेवली न्हाई. मग त्या ऑर्डरीच्या दिवशी घरी आलो, ‘पाहुणे’ हे नाव समोर दिसलं, आणि माझं डोकं फिरलं. ते दारच काढून टाकलं. काढताना कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं. मी वाचलं न्हाई, हो म्हणालो. श्रीहर्षनं येऊन तासभर पाहिलं. आत काही उरलं न्हाई. कॅसेट मी त्याच दसऱ्याला भंगारात दिली होती, कॉम्प्युटरमध्ये आलं म्हणून. व्हायरसनं न्हाई, पाहुण्यांनी न्हाई, मीच घालवली.

ता. क. ३ : तुमच्या नव्या मोबाईलमध्ये आवाज भरता येतो असं अक्का मागं म्हणत होती. अप्पांना एकदा ओवी म्हणायला लावा दाजी. कामून ते सांगू नका. जगदेवप्पा काका गेल्या वैशाखात गेले, ढोलाला तसा हात आता मिळायचा न्हाई हे मला माहीत आहे. ढोल नसला तरी चालेल. दम लागला, मध्ये थांबले, खोकले, तर तेही राहू द्या.

ता. क. ४ : हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. माझी पत्रं तुम्ही ओसरीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता, हे आत्ता पाकीट चिकटवताना आठवलं. अप्पा समोर असतील तर हे वाचू नका. वाचून झालंच असेल, तर ते काय म्हणाले तेवढं कळवा. काहीच म्हणाले नसतील, तर तेही कळवा.