बापाच्या वयाचं विमान

मंगळवार, औसा. रात्री.

आज स्वयंपाकात मन लागंना. माझा नितीन एअरफोर्सच्या मालवाहू विमानात सामान चढवतो आन् त्या सामानासंगंच उडतो. ते विमान त्याच्या बापाच्या वयाचं. बाप जिना चढताना मधीच बसतो!

दुपारी त्याचा फोन आला. "आई, आमची जुनी विमानं मोडीत न्हाई निघत. नवी यंत्रं बसवून चालवणार हायेत."

"आन् तू?"

"मी त्याच्यावरच. नव्या विमानावर जा म्हणले होते, मीच नको म्हणलो."

"गाढवा, डोस्कं फिरलं का तुझं?"

तर हसायला लागला. "तूच आपला जुना ट्रॅक्टर इकू देईनास. पप्पा कवाचे मागं लागलेत. इंजिन नव्यानं बांधून घेतलंय, चालतंय की, म्हणतीस."

व्हय, म्हणते मी. पण त्याचा स्टार्टर गेलाय, म्हणून आम्ही रोज उतारावर उभा करतो. सकाळी ढकलला की चालू. रानात बंद पडला तर बांधावर बसून भाकर तरी खाता येती. आभाळात उतार कुठला आन् बांध कुठला? हे तवा सुचलंच न्हाई. बापाच्या वयाचं विमान, आन् फोन ठेवून दिला मी!

आत्ता जेवताना ह्यांना म्हणलं, "उद्या ट्रॅक्टर इका."

हे घास हातात धरून बघतच राहिले. "ताप आलाय का गं?"

"इका म्हणलं ना!"

ट्रॅक्टर दारातून गेला की मीच फोन लावणार. म्हणणार, मी माझा हट्ट सोडला, आता तू तुझा सोड.