थंडीतला घोळणा

बाबा,

आज साहेबांनी माझा रजेचा अर्ज मंजूर केला. मान वर न करता सही ठोकली आणि म्हणाले, "जा बाई, तब्येत आधी." तपासणीसाठी अख्खा दिवस, तोही भरपगारी. मी टेबलाशी येऊन बसले आणि मला तुमचाच राग आला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तुम्ही होतात तेव्हा माझी हिंमत नव्हती. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. सोमवारी लागली आणि मंगळवारी अर्धी रजा टाकून मी डॉक्टरसमोर बसले होते. कॅन्सरच निघाला. काढून टाकला. "लवकर आलात म्हणून बरं," डॉक्टर म्हणाले. त्यात माझी कसली हुशारी? माझ्या ऑफिसात न येण्याला रजा म्हणतात. तुमच्याकडे त्याला खाडा म्हणायचे.

लकडगंजातल्या आरा मशीनवर तुम्ही लाकूड लोटायचात आणि पलीकडून तुमचा जोडीदार ओढायचा. जोडीतला एक आला नाही की मालक दुसऱ्यालाही घरी पाठवायचा, म्हणजे तुमचं दुखणं दोन घरांच्या चुलींना नडायचं. मी डबा घेऊन यायची तेव्हा सागवानाच्या भुशाने तुमच्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असायच्या. मालकाची खोली पार दुसऱ्या टोकाला, दार कायम लावलेलं. हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींची दाढ दुखली तरी त्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी. तुम्हाला संध्याकाळी गुळाचा खडा. गूळ खाल्ला की भुसा पोटात उतरतो, असं मालक सांगायचा आणि तुम्ही मानायचात. त्यातला अर्धा खडा रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचात. त्याला भुसा चिकटलेला असायचा, तरी मी तो चघळत बसायची.

मग तुमच्या नाकातून रक्त यायला लागलं. वैशाख होता. नागपुरात वैशाखात कोणाचा घोळणा फुटत नाही? आईने कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर पाणी थापलं, झालं. पण पावसाळा गेला, दिवाळी गेली, पहाटे दात वाजू लागले, तरी तुमच्या उशीवर रक्त, आणि दरवेळी डाव्याच नाकपुडीतून.

"अवो, थंडीत कोणाचा घोळणा फुटते?" आई चिडली. "दवाखान्यात काहून नाही जात?"

"कवा जाऊ? रविवारी मशीन बंद, त दवाखानाही बंद. मी कामावर नाही गेलो त जोडीदाराचाही खाडा पडते. त्याची बायको बाळंतीण हाय."

आई उशीचा अभ्रा घेऊन मोरीत गेली. मी भूमितीचं पुस्तक ओढून बसले.

शेवटी फेब्रुवारीत मशीनचा पट्टा तुटला, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात गेलात. पट्टा तुटला म्हणून! रक्त येत होतं म्हणून नाही. "इतके दिवस काय करत होता?" असं डॉक्टरने विचारलं, हे तुम्हीच घरी येऊन हसत सांगितलंत. "म्हटलं, लाकडं चिरून राहिलो होतो." मग डॉक्टरची चिठ्ठी माझ्यापुढे धरलीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. "वाच वं माय."

ताबडतोब भरती व्हावं, नाकातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा आहे, असं लिहिलं होतं. मी बरोबर वाचलं, एक शब्दही गाळला नाही. तुम्ही विचारलंत, "तुही मॅट्रिक कवा संपते?" पहिल्या पेपरला महिना होता. तुम्ही भरती झालात की आई तुमच्यापाशी राहणार आणि धाकट्या तिघांचं सगळं माझ्यावर येणार. परीक्षा गेलीच असती.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही भरती झालात. तोवर डावा डोळा सुजून पुढे आला होता. कॅन्सरवरचे रेडिएशनचे शेक दिले, तुमचा गाल काळा पडला. आणि ज्याच्यासाठी इतके महिने खाडा टाळलात त्या जोडीदाराला तुम्ही भरती झालात त्याच दिवशी मालकाने दुसरा माणूस जोडून दिला. माझा निकाल तुम्ही ऐकलात, पेढे वाटायला लावलेत, पोळ्याच्या आधी गेलात. मॅट्रिक होते म्हणून ही नोकरी लागली, नोकरी होती म्हणून रजा मिळाली, रजा मिळाली म्हणून मी वाचले. हे मी उलटं, सुलटं कसंही म्हणून बघते, आणि दरवेळी त्याच चिठ्ठीपाशी येऊन अडकते.

"तुह्या बापानं कोणाचं ऐकलं नाही," आई मरेपर्यंत म्हणायची. मी मान हलवायची. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिते. तुम्ही ऐकलं होतंत, बाबा. माझं ऐकलं होतंत. चिठ्ठीची घडी करत तुम्ही मला विचारलं होतंत, "पेपर होईतवर चालते नं वं?" आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले होते, "चालते, बाबा." म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.