नाचू म्हणजे शेवाळ

९ जानेवारी
कॉलेज आटोपून नदीवर. शहराचं सांडपाणी शुद्ध करून ज्या पाइपातून सोडतात, प्रवाहात त्याच्या वरचा एक दगड आणला, खालचा एक. खालचा म्हणजे आमच्या गावचा घाट. पाणी नितळ, वास नाही. नावं ठेवायच्या तयारीने गेले होते, तोंडघशी पडले.
लॅबमधल्या लक्ष्मीने बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या : ‘नाचू वर’, ‘नाचू खाली’. तेलुगूत शेवाळाला नाचू म्हणतात. मी हसले, तिला कळेना का.

१० जाने.
बाबांना चिठ्ठ्यांचं सांगितलं. हसून हसून ठसका. मायचं माहेर निर्मलकडचं, तोंडात अर्धी तेलुगू. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं घाटावर गेले, तर ती ओरडली, “नाचू!”
“मले वाटलं इचारते. म्या म्हनलं, नाच ना, कोन पाह्यते! अन् पाय टाकला तसा सपाट पडलो.”
तेव्हापासून घाटावर रोज तिने विचारायचं, नाचू? यांनी म्हणायचं, नाच. माय जाऊन तीन वर्षं झाली.

१४ जाने.
सूक्ष्मदर्शक. वरचा दगड : तपकिरी थर, होडीच्या आकाराचे इवले काचेचे जीव, किती तऱ्हांचे! खालचा दगड : हिरवे तंतू, जिवाणूंचे पुंजके. होड्या तुरळक.
पाणी तपासणीत पास आहे. पण शुद्ध केलं तरी त्यात थोडं खत उरतं, जिवाणू येतात, आणि हिवाळा सरत आला की घाटाशी जास्त करून तेच पाणी. दोष कोणाला देऊ? पाइप नसता तर नुसती गटार आली असती. कळतं सगळं. तरी मला मायच्या पायाखाली होतं ते जुनंच शेवाळ हवंय.

१९ जाने.
बाबा : “दगड दाव.” डोळे गेल्यापासून दाव म्हणजे हातात दे. बरण्या घरी आणल्या होत्या, खालचा दिला. चोळला, हुंगला.
“हे आपल्या घाटाचं नोहे. केसावानी लागते. कुठचं आनलं वं?”
वरचा दिला. अंगठा सर्रकन घसरला. चेहरा असा खुलला की...
“हा! हा घाटाचा. मस्करी करून राह्यली होती काय?”
म्हटलं, नाही बाबा, बरण्यांची अदलाबदल झाली, हाच घाटाचा.
बोलून गेले. आता फिरवता येत नाही.

२३ जाने.
दगड बाबांच्या उशाशी, पाण्याने भरलेल्या गंजात. वाळू नये म्हणून रोज नळाचं पाणी बदलतात. औषध मारलेलं पाणी. त्या जिवांना ते सोसायचं नाही. सांगवत नाही.

२५ जाने.
थर सुटला. अंगठा आता घसरत नाही. बाबांनी दगड माझ्या हातात दिला.
“घरी नाई जगत तो. मलेच ने घाटावर. उद्या सुट्टी हाये न तुले?”
ऑटो सांगितला आहे. ऑटोवाल्याला जागा सांगितलेली नाही. पाइपाच्या वर नेलं तर पायाला ओळखीचं लागेल, आणि त्यांना दिसतं कुठे. पण घाट तो नाही. माय तिथे कधी उभी राहिली नव्हती.
झोपण्याआधी बाबांनी मला बजावून ठेवलंय : पाण्यात पाय टाकताना तू म्हन, नाचू.
कुठल्या दगडावर म्हणू?