नऊ ठिगळांची गोधडी

३ फेब्रु. ९१
नववीच्या वह्या तशाच पडल्यात. शेजारच्या जैतूनखालाने अडवलं. “मास्तर, माज्या गोधड्या किती परकारच्या व्हतील, मोजून दे.” पॉवरलूमच्या कापडाची नऊ चौकोनी ठिगळं, तीन ओळींत तीन-तीन, रंग तीन, शेजारी-शेजारी एक रंग नाही. मोहल्ल्यातल्या प्रत्येक नवरीला एक, आणि एकीसारखी दुसरीला नाही, हा तिचा शब्द. आता नात शबानाचं लग्न. नवी उरलीच नसेल तर? म्हातारी खरंच घाबरलीय.

५ फेब्रु.
लाल ०, हिरवा १, पिवळा २. शेजारी जाताना एक पायरी वर नाहीतर खाली. २ नंतर पुन्हा ०. मधलं ठिगळ लाल धरून ८२. तिप्पट २४६! ऐटीत सांगायला गेलो. खालाने माझा कागद गर्रकन फिरवला. “ही नि ही येकच हाय. नवरी काय येकाच बाजूनं पांघरंल?”
वीस वर्षं गणित शिकवतोय. गोधडी फिरते हे सुचलं नाही. गाढव.

८ फेब्रु.
फिरवून सारख्या होणाऱ्या एकच धरल्या. ७५. तीनदा तपासलं.
आणि मोजताना दिसलं ते... चौकोनात जुळलेल्या कुठल्याही चार ठिगळांवरून फेरी मारा, जितक्या पायऱ्या चढाल तितक्याच उतरता. नेहमी! सपाट गोधडीत डोंगर-दऱ्या. अंगावर काटा आला. बायकोला सांगितलं, तर म्हणे आधी वह्या तपासा.

१० फेब्रु.
खालाने डोळे मिटून सगळ्या जुन्या गोधड्या सांगितल्या, नवरीच्या नावासकट. कोन गावी दिलेली हलीमा, काल्हेरला दिलेली रुकय्या... मी चौकोन भरत गेलो. चौऱ्याहत्तर. फिरवूनसुद्धा एकही दुहेरी नाही. बाईला अक्षर येत नाही. मी हात जोडले.
एक उरली. शबानाला मिळेल. खाला हसली, मग म्हणाली, “मंग धाकट्या नातीला, नाजमाला काय देऊ?”

११ फेब्रु.
सकाळी जाऊन म्हणालो, आणखी ठिगळं जोड, सोळा कर. फिरवण्याआधीच सात हजार आठशे बारा होतात.
“येवढ्या नवऱ्या आनू कुटून?” म्हणाली, पण कात्री शोधू लागली.

१४ फेब्रु.
शाळेतून येताना पाहिलं. ओट्यावर पंधरा ठिगळं मांडलेली, सोळाव्यासाठी तिन्ही रंगांचे तुकडे हातात. शेजारचे दोन वेगळे रंग बघून कुठला बसेल ते मला लांबूनच कळलं. तोंड उघडणार, तेवढ्यात न बघताच म्हणाली, “सांगू नको मास्तर.”
नाही सांगितलं. तिथेच उभा राहिलो.