बॉनेटवरचं नाक

सातारा,
२६ नोव्हेंबर १९९६

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

तुळशीचं लग्न पार पडलं. तू पाठवलेला ऊस गोड होता, पण शेंडे वाळके निघाले. तुझ्या खरेदीत तुझा स्वभाव दिसतो, घाईघाईनं पहिलं दिसेल ते उचलायचं. असो.

पत्राचं कारण वेगळंच आहे. दिवाळीनंतर वल्लरीला पाहून गेले ते तुमच्या सांगलीचे वकील आठवतात ना? त्यांच्याकडून होकार आलाय. मुलगा शौनक मिरजेला पंपांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, बोलायला नीट आहे, घरही चांगलं. अडलंय ते आमच्या बाईसाहेबांपाशी. शाळेत पोरींना विज्ञान शिकवते, पण हो की नाही एवढं सांगायला तिला संक्रांतीपर्यंत वेळ पाहिजे! का, ते सांगत नाही. विचारलं की वह्या तपासायला घेते.

त्यात काल नाथाजी येऊन गेला. आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा तो, आता एसटीवर ड्रायव्हर आहे, सातारा-स्वारगेट करतो. पाहायला आले त्या दिवशी वकिलांची निळी पद्मिनी आपल्या दारात उभी होती, ती त्यानं नीट पाहिली होती. परवा सुट्टीवर गावी जाताना तीच गाडी त्याला उंब्रजला दिसली. म्हणाला, आक्का, बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचा डबा ठोकलाय, लय इचित्र दिसतंय. चांगल्या गाडीच्या डोक्यात भोक कोण पाडतं रे? आणि मला आता आठवतंय, निघताना तो मुलगा आणि वल्लरी फाटकापाशी बॉनेट उघडून उभे होते. मला वाटलं, लाजत काहीतरी बोलत असतील. लाजणारी माणसं इंजिनात बघतात का?

मोटारीनं माझं काय नेलं ते तुला ठाऊक आहे. ह्यांना घेऊन पुण्याच्या दवाखान्यात निघालो आणि खंबाटकी घाटात गाडी उभी राहिली. पुढचं मी लिहीत नाही. तेव्हापासून पुण्याला जायचं झालं तर मी सातारा रोड स्टेशनावरून रेल्वेनं जाते, लोक हसले तरी. मोटारीशी खेळ करणाऱ्याच्या हाती मी पोर देणार नाही, मग स्थळ सोन्याचं असो. तू गुपचूप चौकशी कर. तू कोण, कुठला, काही सांगू नकोस. तोंडावर ताबा ठेव.

माया आहे ती आहेच, या वेळी तिला जरा कामाला लाव.
तुझी,
ताई


सांगली,
३ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
विष्णूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उसाबद्दल क्षमा असावी. तुझ्या आज्ञेप्रमाणे हेरगिरी सुरू केली आहे. हळदीच्या पेढीवर बसून मी फक्त कीड लागलेलं हळकुंड ओळखायला शिकलो, माणसांची कीड ओळखायची सवय नाही. तरी जमेल तसं केलं.

ती गाडी हरिबाच्या गॅरेजात असते असं कळलं. तिथं जायला निमित्त हवं म्हणून मी गॅरेजसमोर रस्त्यापलीकडं स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा स्वतःच सोडली आणि ढकलत नेली. हरिबानं चाक पाण्यात फिरवून पाहिलं, बुडबुडा एक निघेना. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी न मागताच पैसे देऊन मोकळा झालो.

गाडी पाहिली. डबा म्हणजे पत्र्याचं एक मोठं नाकच आहे, बॉनेटच्या मधोमध, नाकपुडी पुढच्या बाजूला. शौनक गाडीखाली झोपला होता, बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा. आसपास विचारलं. दारू नाही, पत्ते नाहीत, उधारी नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा, हे मात्र मला जरा संशयास्पद वाटलं.

आता खटकणारी गोष्ट. गाडी वकिलांची, त्यांच्या जिवापाड लाडकी. त्यांना न विचारताच यानं बॉनेट कापलं, आणि ते पाहिल्यापासून वकील पोराशी बोलत नाहीत, जेवताना मीठ हवं असलं तरी बायकोमार्फत मागतात. एवढं कशासाठी, असं हरिबानंही विचारलं होतं. पोरगं नुसतं हसलं आणि संक्रांतीनंतर सांगतो म्हणालं. ताई, त्याचीही संक्रांतच!

वहिनीचा नमस्कार. रागावली असलीस तरी आशीर्वाद थांबवू नकोस.
तुझा,
विष्णू


सातारा,
९ डिसेंबर १९९६

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

बिनसाखरेचा चहा! तुला पाठवलं कशाला आणि तू पाहिलंस काय!

ऐक आता. रविवारी नाथाजीनं ती निळी गाडी कुठं बघितली असेल? खंबाटकी घाटात. हा एसटी घेऊन पुण्याला चालला होता तेव्हा ती वर चढत होती. परत आला तेव्हाही ती घाटातच. वर जायची, वळायची, खाली यायची, पुन्हा वर. पुण्याला जायचं नाही, साताऱ्याला यायचं नाही, नुसतं घाटात चढउतार. सांगलीचा माणूस सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब येऊन घाटात काय करतो? शेजारच्या लालासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, असले डबे माल लपवायला असतात. जतच्या पलीकडून चोरून दारू आणायची आणि घाटात दुसऱ्याच्या हवाली करायची. ते फौजेत होते, त्यांना असल्या गोष्टी कळतात.

आणि आमच्या घरातही काहीतरी शिजतंय. वल्लरी दर सोमवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाते. शाळेचं काम म्हणते. शाळेचं काम सांगलीला कधीपासून निघायला लागलं? बूथवाल्याकडून मी नंबर काढून घेतलाय, सांगलीचाच आहे. त्या माणसानं माझ्या पोरीला कसल्या भानगडीत ओढलं असेल तर मी त्याला उभा सोडणार नाही.

मला भीती वाटते रे विष्णू. तो घाट आणि माझी पोर ही दोन नावं एका वाक्यात आली की मी रात्रभर दिवा लावून बसते. तू त्या डब्यात स्वतः हात घालून बघ. पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर मी वकिलांना नकार कळवून मोकळी होईन.

लोभ राहील, पण उत्तर आल्यावर.
ताई


सांगली,
१६ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
विष्णूचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे डब्यात हात घातला. दारू निघाली नाही. उसाचं पाचट निघालं, मूठभर!

झालं होतं असं. मागच्या महिन्यात हा गाडी घेऊन घाटाकडं निघाला आणि उंब्रजच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीमागं सापडला. नाकाचं तोंड पुढं, त्यामुळं ट्रॉलीवरून उडालेलं सगळं पाचट आणि धूळ नाकानं ओढून घेतली आणि गाडी बसली. नाथाजीला ती उंब्रजला दिसली ती अशी. आपल्या भागात हंगामात रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या असतात हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. थोडं पाचट अजून कोपऱ्यात अडकलेलं होतं, ते माझ्या नशिबी आलं.

आता त्यानं नाक उलटं बसवलंय. तोंड काचेकडं! मी हात आत घालून उभा, तेवढ्यात तो मागून आला आणि नमस्कार करून म्हणाला, मामा, सावकाश, पत्र्याची धार लागेल. पहिल्या दिवसापासून त्यानं मला ओळखलं होतं. म्हणे माझं नाक हुबेहूब वल्लरीसारखं आहे. स्कूटरची हवा सोडताना पण त्यानं गाडीखालून पाहिलं होतं. माझ्या हेरगिरीचा तिथंच निकाल लागला.

मग त्यानं मला समजावलं. इंजिन बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतं. घाटात गाडी हळू चढते तेव्हा ती धग कोंडते, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी मुकाट उभी राहते. लोक मग पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत बसतात. याला बाहेरची गार हवा आत घ्यायची आहे. चालत्या गाडीत वारा समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाटतो, उलटं नाक तिथली हवा ओढतं, पाचट वरच्यावर निघून जातं, आणि चढावर गाडी हळू होऊन वारा कमी झाला की आतली धगही त्याच वाटेनं बाहेर पडते. मला हे पटलं. खरं सांगायचं तर मी सुट्टी टाकून दोन वेळा गॅरेजात जाऊन बसलो. तू रागावशील म्हणून लिहिणार नव्हतो.

पण ताई, नाक उलटं करायची अक्कल त्याची नाही. ती एका सोमवारी फोनवरून आली, असं हरिबाच्या तोंडून निसटलं. शौनकला विचारलं तर म्हणाला, कुणालातरी शब्द दिलाय, ते माणूस सांगेल तेव्हाच सांगीन. आता तू बूथचं जे लिहिलंस ते आणि हे शेजारी शेजारी ठेवून बघ. माझा संशय सांगलीतून उठून साताऱ्याला, तुझ्याच घरात येऊन बसलाय. मी वल्लरीला शाळेच्या पत्त्यावर वेगळं लिहिलंय. नकार एवढ्यात कळवू नकोस, पाया पडतो.

रागाच्या वर थोडी जागा मायेला ठेव.
तुझा,
विष्णू


सातारा,
२३ डिसेंबर १९९६

ती. विष्णूमामांस,
वल्लरीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही बरोबर ओळखलंत. भोक मीच पाडायला लावलं.

त्या दिवशी फाटकापाशी त्यानं विचारलं की तुम्हाला काही विचारायचंय का. मी पगार विचारला नाही. विचारलं, तुमची गाडी खंबाटकीत उभी राहते का? तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला, राहते, दर खेपेला. मी म्हटलं, ती न थांबता चढेल असं काही करता येईल? करता आलं तर संक्रांतीला हो म्हणीन. मामा, तो हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं आणि मला पंप दाखवला.

तुम्हाला त्या दिवसाचं सगळं माहीत नाही. भाड्याची गाडी होती. बाबा मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून. गाडी उभी राहिली तसं ड्रायव्हरनं मला डबा देऊन देवीच्या देवळापाशी पाण्याला पिटाळलं. मी जीव खाऊन पळाले. परत आले तर गाडी सुरू झालेली होती, ड्रायव्हर खुशीत हॉर्न वाजवत होता. त्यानं विचारलं की आता दामटू का. तर आई म्हणाली, नको, आता सावकाशच घ्या. तेवढ्यावरून मला कळलं. पाण्याचा डबा माझ्या हातात तसाच राहिला.

आमच्या घरात त्या घाटाचं नाव निघत नाही. आई मला रेल्वेनं फिरवते आणि मी गप्प बसते. पण गाडी का थांबली, एवढंच मी इतकी वर्षं पुस्तकांतून शोधत आलेय. मला आईला हे तोंडानं सांगता येत नाही. तुम्ही सांगाल? ती शौनकला दारूवाला समजतेय, मला रडू येतं आणि हसूही.

तुमच्या नाकाची आणि मायेची वारस,
वल्लरी


सांगली,
२८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
विष्णूचा शि. सा. न. वि. वि.

वल्लरीचं पत्र सोबत पाठवतोय. मला तुझ्यासमोर बसून हे सांगायचा धीर झाला नाही. लालासाहेबांना दाखवू नकोस. एकटी असताना वाच.

आज एवढंच. आशीर्वाद मागत नाही, देशील तेव्हा घेईन.
विष्णू


सातारा,
१६ जानेवारी १९९७

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखी नव्हतेच मी. पोरगी एवढं उरात घेऊन वाढली आणि मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडत राहिले. मला वाटायचं ती विसरली. पत्र वाचून तिला जवळ घेतलं आणि दोघी पोटभर रडलो.

काल शौनकला मीच बोलावलं. हलवा, तिळगूळ काही झालं नाही, आल्या आल्या त्याला म्हटलं, चल घाटात. माझा अजून विश्वास नव्हता हे कबूल. ते उलटं नाक बघून तर आणखीच नव्हता. मी पुढं बसले, वल्लरी मागं. मांडीवर पाण्याचा डबा घेतला, झाकण गच्च लावून.

चढ लागला तसे माझे कान इंजिनाला. जरा आवाज बदलला की मी डबा उचलायची. बाजूला दोन गाड्या बॉनेट वर करून उभ्या होत्या, पंपावर फडकी टाकलेली. ते वळण आलं. वल्लरीनं मागून माझा खांदा धरला. गाडी थांबली नाही, विष्णू. मला थांबवायला सांगावं लागलं.

उतरले. तिथं कडेला एक करंज आहे, तेव्हा लहान होता. डब्यातलं सगळं पाणी त्याच्या मुळाशी घातलं. वल्लरीच्याच हातानं घातलं. आणलेलं पाणी त्या दिवशी कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

परत गाडीत बसल्यावर शौनकनं हळूच विचारलं की सावकाश घेऊ का. मी म्हटलं, मुळीच नको. घाल जोरात.

होकार कळवलाय. वकिलांना मी स्वतः लिहिलं की पोराशी बोला, भोक माझ्या घरच्या सांगण्यावरून पडलंय. तरी तुझी चौकशी चालू ठेव. पावसाळ्यात त्या नाकात पाणी शिरणार नाही ना, ते हरिबाला आडून विचार. आणि पुढच्या रविवारी वहिनीला घेऊन ये, शालू बघायला पुण्याला जायचंय. रेल्वेची तिकिटं काढू नकोस. घाटानं जाऊ.

तुझी,
ताई