केअरटेकरचे आठवड्याचे सहा पौंड

प्रिय फिंटन,

व्हिटबीला बहिणीकडे तुझं बरं चाललंय, असं तिसऱ्या मजल्यावरच्या केनकडून कळलं. समुद्रावरचं वारं तुझ्या गुडघ्याला मानवत नाही, हेही त्यानेच सांगितलं. दोन वर्षांत मी तुला नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही. आज लिहिते आहे, तर शेवटपर्यंत वाच.

माझ्या शेजारच्या बेरिलची बातमी आधी सांगते. नोव्हेंबरात तिच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली, पण खालचं दार बिघडलेलं. आतून उघडायचं, बाहेरून नाही. माणसं स्ट्रेचर घेऊन पावसात उभी आणि मी चपला घालून चार मजले उतरते आहे! बेरिल वाचली. आता इस्पितळातल्या चहाला शिव्या घालते, म्हणजे पूर्ण बरी आहे. पण तू असतास तर ते दार एक दिवससुद्धा तसं राहिलं नसतं.

तुझी केअरटेकरची नोकरी गेली आणि तुझ्या जागी कंत्राटदाराची गाडी येऊ लागली, आठवड्यातून दोनदा. पोरं जिना पुसून पळतात. बल्ब गेला की फोन करायचा, त्या फेरीचे पैसे वेगळे. पहिल्या वर्षी भाड्याबरोबरचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा आठवड्याचा वाटा, तीन पौंड दहावर उतरला, तेव्हा आम्ही हुरळून गेलो. तो नुसता अंदाज होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षाचा खरा खर्च निघाला आणि यंदाच्या फेब्रुवारीच्या पत्रात आकडा आला सात पौंड नव्वद. बेरिल म्हणाली, "अगं मॉइरा, एवढ्यात तर फिंटन मिळत होता, वर गप्पा फुकट!"

मी आपल्या घरमालक हाउसिंग असोसिएशनच्या कचेरीत जाऊन बिलं बघायला मागितली. भाडेकरूला तो हक्क आहे, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. शबनम नावाची मुलगी आहे तिथे. तिने फाइली काढल्या, खुर्ची दिली, बिस्किटंही दिली. म्हणाली, "मिसेस टास्कर, भाड्याचं सूत्र सरकारकडून येतं. घराची किंमत, इथले पगार, खोल्या किती, त्यावर ते ठरतं. तिथे आमचं फारसं चालत नाही. पण सर्व्हिस चार्ज म्हणजे जेवढा खर्च, तेवढीच वसुली. कुठली सेवा हवी, ते तुम्ही सगळे मिळून सांगा ना." एकट्या त्या दाराच्या एकतीस फेऱ्या निघाल्या, फिंटन. एकतीस! आणि दार तसंच.

मग खालच्या हॉलमध्ये सभा भरली. शबनमने मांडून दाखवलं: पुन्हा केअरटेकर ठेवला तर घरामागे आठवड्याला सहा पौंड नव्वद. केन उठला. "हे सगळं आधी होतंच की आपल्याकडे. घालवलं कुणी? केअरटेकर काढून टाकायचा तो अर्ज लिहिला कुणी?" बेरिल आपल्या बुटांकडे बघत बसली, कारण तिला ठाऊक होतं. मी उठले. म्हटलं, "मी लिहिला. सह्याही मीच गोळा केल्या, दारोदार जाऊन." केन म्हणाला, "सही तर मीही केली होती, बाई. बसा खाली." साठ घरांपैकी चव्वेचाळीस घरांनी केअरटेकरच्या बाजूने मत दिलं.

हो, मीच. त्या वेळच्या सर्व्हिस चार्जच्या पत्रात तुझ्या नावापुढे सहा पौंड चाळीस दिसले आणि पेन्शनीतून तेवढे वाचवायचा मोह झाला. त्या आकड्यात तू होतास, हे मला दिसलंच नाही. निरोपाच्या दिवशी मी तुला लिंबाचा केक दिला, तू माझे आभार मानलेस आणि मी ते घेतलेही. ते "थँक यू, मॉइरा" माझ्या वाट्याचं नव्हतं.

सोबत केअरटेकरच्या जागेची जाहिरात पाठवते आहे. अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत. शबनमने काही कबूल केलेलं नाही, मुलाखत सगळ्यांसारखीच होईल. पण परत आल्यावर हे तू इथल्या कुणाच्या तोंडून ऐकावंस, ते मला नको होतं. माझ्याकडून ऐक, हवं तेवढं रागाव, आणि मग ठरव. आलास तर जिन्यात मला ओळख दाखवू नकोस, चालेल. पण अर्ज भर.

तुझ्या क्षमेची वाट बघणारी,
तुझीच
मॉइरा टास्कर